झेंड्याचे कापड

गेल्या वर्षी 15 ऑगस्टला मी गावी होतो. यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव कापसाचे आहे. त्या दिवसांत पऱ्हाटी कमरेएवढी होऊन पात्या-फुलांवर आलेली असते आणि वावरात जाणाऱ्या पांदणीत इतका गारा होतो की बैलबंडीची चाके निम्म्यापर्यंत रुततात. पावसाच्या त्या चिखलातून पांढरे धोतर सांभाळत बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचले. ध्वज दोरीला बांधण्यापूर्वी गुरुजी तो एकदा बाबांच्या हाती देतात, कारण शाळेचा खादीचा ध्वज काही वर्षांपूर्वी त्यांनीच वर्ध्याहून आणून दिला होता. बाबांनी त्याची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच चोळली. कापसाची पारख करायची त्यांची रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे: बोंडातून चिमूटभर रुई घ्यायची, सरकीपासून सोडवायची, दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणायची आणि धागा तुटतो कुठे ते पाहायचे. ध्वज असा ताणत नाहीत, म्हणून ते नुसते चोळून थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "सुताचा हाय."

2021च्या डिसेंबरअखेर ध्वजसंहितेत बदल झाला आणि तोपर्यंत हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या खादीचाच असलेला राष्ट्रध्वज यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरचाही चालू लागला. त्यामुळे तिरंगा स्वस्त झाला, घरोघरी पोचला, आणि गरिबाच्या पोराच्या हातातही झेंडा आला, याचा मला आनंदच आहे. तरीही ज्या गावाचे वर्षाचे सगळे गणित कापसावर मांडले जाते, त्या गावात पॉलिस्टरचे झेंडे फडकताना पाहिले की मनाला टोचते, हे मी लपवणार नाही.

त्या 15 ऑगस्टनंतर चारच दिवसांनी, 19 ऑगस्ट 2025पासून, केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत उठवले आणि महिना सरण्याआधीच ही सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने लादलेल्या शुल्कामुळे आपला कापडउद्योग अडचणीत होता, त्याला कच्चा माल स्वस्त मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. गिरणीतला मजूरही आमच्यासारखाच याच देशाचा आहे आणि त्याची चूल विझावी, असे आमच्या गावात कोणालाही वाटत नाही. पण आमची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आणि नेमक्या त्याच हंगामात बाहेरच्या गाठींना दार सताड उघडे राहिले.

लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये क्विंटल हा हमीभाव जाहीर झालेला होता. मी मोबाइलवर बाबांची नोंदणी करून दिली. लांबलेल्या पावसाने फुटलेली बोंडे भिजली होती, म्हणून अंगणात ताडपत्री पसरून चार दिवस कापूस वाळवला. आई दर तासाला तो हाताने वरखाली करायची आणि शंका आलेला पुंजका गालाला लावून पाहायची. गालाला कळते ते यंत्राला मान्य होईलच असे नाही. खरेदी केंद्रावर ओलावा 14 टक्के निघाला आणि मर्यादा 12ची होती. गाडी परत आणायची तर भाडे दुप्पट, म्हणून संध्याकाळी तो कापूस व्यापाऱ्याला हमीभावाहून हजार रुपयांनी कमी भावात द्यावा लागला. परतताना बाबा एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि अर्ज सांगितला: ओलावा शेतकऱ्यासमोर गाडीतल्या तीन ठिकाणचा नमुना घेऊन मोजावा, आणि माल वेळेवर बाहेर निघावा म्हणून आमची पांदण पक्की करावी.

पुण्यातले माझे मित्र विचारतात की एवढे सोसूनही तुमच्याकडची माणसे ध्वजापुढे इतक्या मनापासून कशी उभी राहतात. मला वाटते, याचे उत्तर आमच्या भागाच्या आठवणीत आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे इंग्रज कंपनीने आमचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी टाकली. कापूस आमचा, पण रूळ त्यांचे आणि भावही त्यांचा, आणि त्याबद्दल विचारायला जावे असे एकही दार नव्हते. 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी आणि चिमूरचे गावकरी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गोळ्या झेलल्या, ते असे दार आपले असावे म्हणून. ते दार मिळाल्यावरही ते वेळेवर उघडतेच असे नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवले, आणि आता दरवर्षी त्या तारखेला ठिकठिकाणचे शेतकरी अन्नत्याग करतात. बाबाही त्या दिवशी उपाशी राहतात. मार्चमध्ये उपाशी राहणारा आणि ऑगस्टमध्ये धुतलेले धोतर नेसून शाळेत जाणारा माणूस एकच आहे, आणि या दोन्ही गोष्टी तो एकाच आपलेपणाने करतो. ज्याच्याशी नाते नाही त्याच्या दारात कोणी हिशेब मागायला बसत नाही. मी स्वतः देशावर प्रेम करायला शिकलो ते पुस्तकातून नव्हे, तर त्यांना असे करताना पाहून.

यंदा 26 जानेवारीला ध्वजवंदन झाल्यावर शाळेच्याच आवारात ग्रामसभा भरली. बाबांच्या सदऱ्याच्या खिशाला पोरांनी टाचणीने लावलेला छोटा तिरंगा होता आणि त्याच खिशात अर्जाची शिक्का मारलेली पोच घडी करून ठेवलेली होती. सचिवांनी विषय वाचून संपवले तेव्हा बाबा उठले, टाचणी निसटू नये म्हणून झेंड्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी पोच बाहेर काढली आणि म्हणाले, "पांदणीचं काय झालं, थे सांगा आता."