उपाशीपोटी पाचपैकी पाच

खाण्याच्या विकाराने मी सगळ्यात जास्त आजारी होते त्या वर्षी कुणी शरीराची कदर मोजणारी ही प्रश्नावली पुढे केली असती, तर मी भरघोस मार्क मिळवले असते. माझी अडचण नेमकी तीच आहे.

प्रश्नावली छोटी आहे. सात वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे अगदी पटतं. शेवटी सरासरी काढायची. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या जेसिका अलेवा यांनी दोन सहकारी संशोधकांबरोबर ती २०१७ साली प्रसिद्ध केली, ‘फंक्शनॅलिटी ॲप्रिसिएशन स्केल’ या नावाने. शरीर दिसतं कसं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते जे करतं त्याची तुम्हाला कदर किती, एवढंच विचारलंय. माझ्या समुपदेशक बाई एरवी खाण्याच्या विकारांची २८ प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. किती दिवस खाणं टाळलं, किती दिवस वजनाची धास्ती होती, सगळा मागच्या २८ दिवसांचा हिशेब. तिच्यापुढे ही सात वाक्यं म्हणजे सुटकाच.

तर तेव्हाचं सांगते. कॉलेजात असताना मी पहाटे साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढायचे. पोटात फक्त कोरा चहा. साताऱ्यात पळणाऱ्या मुलीला आजारी कोण म्हणणार? आमच्याकडे हिल मॅरेथॉन होते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल धावली. शिवाय चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपास आहे म्हटलं की ताटाचा आग्रह तिथेच थांबतो. (साबुदाण्याची खिचडीसुद्धा ‘नको, जड होते’ म्हणून टाळता येते.) शेजारच्या काकू म्हणायच्या, “बारीक झालीस गं, छान दिसतेस!” पाळी बंद झाली होती, ते काकूंना कुठून दिसणार.

माझं शरीर जे करू शकतं त्याची मला कदर आहे, अशा अर्थाचं वाक्य तेव्हा समोर आलं असतं तर मी डोळे मिटून पाचावर गोल केला असता. उपाशी राहूनही घाट चढतंय! ती कदर नव्हती, गुर्मी होती. भाकरी न मागता राबणाऱ्या गड्यावर मालकीण खूश असावी, तशी मी त्याच्यावर खूश होते.

ही सात वाक्यांची मोजपट्टी मुळात बेतलीय अमेरिकेतल्या सर्वसाधारण स्त्री-पुरुषांच्या उत्तरांवर. म्हणून खाण्याचा विकार असलेल्या बायकांमध्ये ती वेगळी तपासावी लागते. सातही वाक्यं त्यांच्यातही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का? आतली कदर सारखीच असेल, तर निरोगी बाई आणि आजारी बाई आकडाही सारखाच देतात का? संख्याशास्त्राने हे तपासता येतं, आणि ते जमलं तरच दोन गटांच्या सरासरीची तुलना करण्यात अर्थ. पण गटाचं गणित जुळलं तरी एकट्या मुलीचा पाच फसवा असू शकतो, असं माझं मत.

सातांतली काही वाक्यं मात्र मला तेव्हाही पकडतीच. शरीरामुळे इतरांशी बोलता-मिसळता येतं, हे एक. मी हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं, कुणीतरी हातावर लाडू ठेवेल म्हणून. शरीराला बरं, सैल वाटतं तेव्हा त्याची दखल घेते, हे दुसरं. बरं कधी वाटायचं? भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे. डॉक्टरांना नाडी फार मंद लागली, तर मी म्हटलं, धावणाऱ्यांची असतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेत मिनेसोटामध्ये ३६ धडधाकट तरुणांना अभ्यासासाठी अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचंही हेच झालं: थंडी वाजणं, नाडी मंदावणं, डोक्यात सतत अन्न. मिळकत आटली की शरीर खर्च कापत जातं. त्यात धावपटूपण काही नाही.

अलेवांच्या गटाने लेखनाचा एक उपक्रमही केलाय, आपलं शरीर काय काय करतं ते लिहून काढायचा. बाईंनी मलाही तसं लिहायला सांगितलं. मी पानभर पाय, दम, घाट असंच लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “आता घाट सोडून लिहा.” त्यानंतर बराच वेळ काही सुचेना. मग लिहिलं: कापलेलं बोट आपोआप भरून येतं. पिठल्याच्या फोडणीचा वास माडीवर येतो. आईच्या डोक्याला तेल लावता येतं. ढेकर येते. ढेकरेवर बाई हसल्या, पण तो मुद्दा मला अजून सगळ्यात पटतो.

यावेळी बाईंनी ती सात वाक्यं दिली, तेव्हा त्यातल्या तब्येतीच्या वाक्याला मी तीन दिले. हाडं विरळ झाल्याचा रिपोर्ट फायलीत आहे, त्याच फायलीत पाळी परत सुरू झाल्याची नोंदही आहे. पुढच्या वेळी प्रत्येक आकड्याशेजारी ‘कशासाठी?’ असा एक रकाना पेनाने आखणार आहे. बाईंची हरकत नाही. फक्त म्हणाल्या, सरासरीत तो धरता येणार नाही.