आल्फामा बघायचा तर वरून खाली

आल्फामा म्हणजे लिस्बनची टेकडीवरची जुनी वस्ती. तिथे जाणाऱ्या २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी मार्तिम मोनिझ चौकात लागलेली रांग बघितली आणि आम्ही सरळ फिगेइरा चौक गाठला. तिथून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते. पुढे सगळा उतार. आई-बाबा सोबत असतील तर चढाची दमछाक तरी वाचते.

सांता लुझियाच्या सज्जावर थांबाच. समोर लाल कौलं, त्यापलीकडे तेजू नदी. शेजारच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांत भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक चितारलाय. १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, मग त्सुनामी आणि आग यांत खालचा बैशा भाग भुईसपाट झाला. तेव्हाच्या राजाचा मंत्री पोंबाल याने तो नव्याने, पट्टीने आखल्यासारखा बांधून काढला. खडकाळ टेकडीवरचा आल्फामा बराचसा तगला, म्हणून मूर लोकांच्या (इथल्या मध्ययुगीन मुस्लिम राज्यकर्त्यांच्या) काळातली गल्लीबोळांची ठेवण इथे अजून दिसते. मोबाइलवरच्या नकाशाचा फार उपयोग नाही. त्यावर शेजारी दिसणाऱ्या दोन गल्ल्यांमध्ये प्रत्यक्षात उभा जिना निघतो. चुकलात तर उतरत राहा, नदीपाशी पोचालच.

खाली आल्यावर 'काझा दुश बिकुश' चुकवू नका. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेलं हे घर १५२३ मध्ये ब्राझ द अल्बुकर्कने बांधलं. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सोचा हा मुलगा. जुन्या गोव्यात फिरलेल्या माणसाला इथे उभं राहिल्यावर 'सुंदर' एवढंच म्हणून पुढे सरकणं जड जातं. भूकंपात गेलेले वरचे मजले १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आता इथे नोबेलविजेते पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो यांच्या नावाचं फाउंडेशन आहे. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली सारामागोंच्या अस्थी आहेत.

रात्री फादू, म्हणजे इथलं पारंपरिक विरहगीत, खानावळीत बसून ऐकायचं असेल तर किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोंचं, खावं लागेल ते आत शिरण्याआधी विचारा. गाणं सुरू झालं की गप्पा बंद. इथले लोक याबाबतीत कडक आहेत, आणि बरोबरच आहे. टेबलावर न मागता येणारे पाव-ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर हात न लावता परत करा.

चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. झिजलेली दगडी फरसबंदी पावसात फार निसरडी होते. जुना बाजार बघायचा तर मंगळवार किंवा शनिवार. आणि मोठी बॅग असेल तर मुक्काम बैशात करा. या पायऱ्यांवर तिची चाकं काही कामाची नाहीत.