आजींची तिसरी फुली

मॉरिशसला गेलो समुद्र बघायला आणि पाहून आलो निवडणूक. १० नोव्हेंबर २०२४ चा रविवार. वाकोआ या गावी एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. घरात बोलणं तिथल्या क्रिओल भाषेत, देवापुढे आरती मराठी. आजी माझ्याशी मराठी बोलायच्या, पण आठवून आठवून.

रस्ताभर पताका. मजूर पक्षाच्या लाल, सत्ताधाऱ्यांच्या नारिंगी, मधूनच जांभळ्या. आठवडाभरापूर्वी फोन-टॅपिंगच्या ध्वनिफिती बाहेर आल्यावर सरकारने समाजमाध्यमं बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय गुंडाळला. घरातल्या पोरांनी तिथेच मत ठरवलं होतं म्हणे.

आजींची अडचण वेगळीच होती. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ खासदार, म्हणून कागदी मतपत्रिकेवर फुल्याही नेमक्या तीन. दोनच मारल्या तर मत बाद! "दोन ठरलेत रे, तिसरा कोण?" पक्षवाले म्हणतात, तिन्ही आम्हालाच द्या. आपल्या मर्जीने मतं वाटली तर त्याला तिथे 'कुपे-त्राँशे' म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना आजींच्या चेहऱ्यावर चोरून लोणचं खाल्ल्यासारखं हसू होतं.

मतदानाला शाळेत गेल्या त्या इस्त्रीच्या साडीत. मी फाटकाबाहेर, हातात गरम गातो पिमां. आपला डाळवडाच, पण मिरची जरा जास्त. परत आल्या, तेव्हा विचारलं, "आजी, तिसरी कुणाला?" त्यांनी माझ्या हातातला एक वडा उचलला आणि चालू लागल्या.

सोमवारी मोजणी. रेडिओ सकाळपासून चालू. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पडले. मजूर पक्षाचे नेते नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा घेतल्या, तेही साठेक टक्के मतांवर. रॉड्रिग्ज या दूरच्या बेटाच्या दोन तेवढ्या स्थानिक पक्षाकडे गेल्या. १९८२ आणि १९९५ नंतर हे तिसरं 'साठ-शून्य'. गल्लीत भोंगे, फटाके. पोरं गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर.

आजी मात्र रेडिओजवळून हलेनात. तिथे 'बेस्ट लूझर' नावाची सोय आहे: समाजांचा तोल राखायला हरलेल्यांतून आठपर्यंत जणांना सभागृहात घेतात. हिशोब अजून १९७२ च्या जनगणनेचा, आणि त्यात मराठी माणूस हिंदूंच्या खान्यात.

"आजी, जेवायला चला."

"थांब. ती नावं अजून आली नाहीत."