अंगाच्या रंगाचा खडू

"पोरं अजून एवढीशी आहेत, त्यांच्या डोक्यात आत्तापासून हे वंश नि वर्णद्वेष कशाला भरायचं? आणि भरायचंच म्हटलं तर सांगायचं तरी कसं?" लेकीच्या मैत्रिणीच्या आईनं विचारलंय, चुलतबहिणीनं विचारलंय, नुकत्याच बाप झालेल्या ऑफिसातल्या सहकाऱ्यानंही विचारलंय. विचारताना थोडं कुतूहल असतं आणि थोडं "तू जरा अतीच करतेस हं" असंही असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी या विषयातली जाणकार नाही. माझी तर सुरुवातच चुकली होती.

लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती. लिफ्टमध्ये आमच्यासोबत एक उंच गृहस्थ चढले, हातात हेल्मेट, रंग गडद काळा. लेकीनं मान वर करून त्यांना नीट न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, हे काका एवढे काळे कसे?" लिफ्टमध्ये पाच माणसं आणि सहा मजले बाकी. मी "शू!" केलं, तिचा दंड दाबला आणि दारावरच्या आकड्यांकडे बघत बसले. ते गृहस्थ हसले की दुखावले, हेसुद्धा मी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, "असं बोलू नये." ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटतं."

रात्री ती झोपल्यावर माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्याच आठवड्यात तिनं आजोबांच्या डोक्यावर केस का नाहीत, असं विचारलं होतं आणि आम्ही सगळे खो खो हसलो होतो. आजोबांनी तर तिला टक्कल चोळूही दिलं होतं. म्हणजे टकलाबद्दल विचारलेलं चालतं, काळेपणाबद्दल विचारलं की आई दंड दाबते. काळं असणं ही वाईट वाटून घ्यायची गोष्ट आहे, हा तिचा पहिला धडा मी दिला होता, तोही एका शब्दात.

"अजून लहान आहे" म्हणणाऱ्यांना मी तान्ह्या बाळांबद्दल सांगते. २००५ साली ब्रिटनमध्ये गोऱ्या घरांतल्या बाळांवर एक प्रयोग झाला. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना सगळे चेहरे सारखेच वाटत होते. तीन महिन्यांची बाळं मात्र आपल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. पुढच्याच वर्षी इस्रायलमध्ये इथिओपियातून आलेल्या कुटुंबांतली बाळं तपासली. त्यांच्या आजूबाजूला काळे आणि गोरे दोन्ही चेहरे होते, त्यांनी कुठल्याच बाजूला झुकतं माप दिलं नाही. तान्हं बाळ काही द्वेष करत नाही हो. ओळखीचं आणि अनोळखी एवढंच त्याला कळतं. पण रंग दिसतो. म्हणून "आम्ही घरात रंग वगैरे बघतच नाही" असं कुणी अभिमानानं म्हणालं की मला हसू येतं. पोराला वाटत असेल, आईला चष्मा लागलाय.

आणि नुसतं दिसण्यावर थांबत नाही. अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या एकाच साच्यातल्या, फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कुठली? वाईट कुठली? बहुतेकांनी गोरी छान ठरवली. शेवटचा प्रश्न होता, यातली तुझ्यासारखी कुठली? काही मुलं तिथं रडायला लागली, काही खोलीतून निघून गेली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या कामाचा दाखला घेतला. मला मात्र निकालापेक्षा ती खोली जास्त आठवते. त्या मुलांना घरी बसवून कुणी शिकवलं नसणार की तू वाईट आहेस. तरी त्यांना माहीत होतं.

तर लिफ्टमध्ये काय म्हणायला हवं होतं? साधं. "हो, काकांचा रंग तुझ्यापेक्षा गडद आहे. कसा ते घरी गेल्यावर सांगते." आणि काकांकडे बघून एक नमस्कार. हे मला सुचायला रात्र गेली, पण दुसऱ्या दिवशी मी तो विषय आपणहून काढला. आदल्या दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. मुलं त्या बाबतीत फार उदार असतात. सांगितलं ते असं: प्रत्येकाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या सगळ्यांत साधारण सारखीच. कुणाच्या पेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त बनवतात, कुणाच्या कमी. जिथं ऊन कडक, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांची कातडी गडद झाली, कारण मेलॅनिन उन्हापासून वाचवतं. जिथं ऊन कमी, तिथं ती फिकट झाली, कारण ड जीवनसत्त्व बनायला थोडं ऊन आत जावं लागतं. "म्हणजे काकांच्या अंगात छत्री आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तशीच समज.

पाच वर्षांची असताना चित्र काढता काढता हात पुढे करून म्हणाली, "आई, अंगाच्या रंगाचा खडू दे." मी डबा उघडला आणि थबकले. तिला हवा होता तो फिकट गुलाबी-पिवळसर. पुढे आलेला तिचा स्वतःचा हात ओल्या मातीसारखा तपकिरी. मी विचारलं, "कुणाच्या अंगाच्या?" तिला प्रश्नच कळला नाही. मग आम्ही दोघींनी हात कागदावर ठेवून डब्यातले झाडून सगळे तपकिरी, नारिंगी, पिवळे खडू घासून पाहिले. एकाही खडूनं काम भागेना. तिच्या हाताला तीन खडू लागले, माझ्या कोपराला काळा मिसळावा लागला, तळवा तर वेगळाच निघाला. अर्धा तास गेला, चादर खराब झाली. नंतर कळलं की क्रेयोला कंपनीच्या डब्यात त्या फिकट रंगाच्या खडूचं नाव १९६२पर्यंत खरोखरच 'फ्लेश', म्हणजे मांस किंवा अंग, असं होतं. मग ते बदलून 'पीच' केलं. नाव जाऊन साठ वर्षं झाली आणि माझी लेक तेच नाव उच्चारत होती, कुणीही न शिकवता.

कुणीही न शिकवता, असं म्हणते खरी, पण आपली भाषा काय कमी शिकवते? काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, तोंड काळं करणं. गोरा तो गोरापान आणि काळा तो काळाकुट्ट. आणि या सगळ्यांवर कडी करणारा तो "पण". "रंगानं सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." "गोरी आहे, पण हुशार" असं कुणी म्हटलेलं ऐकलंय का? मुलं शब्दकोश वाचत नाहीत, हा "पण" ऐकतात. नात्यातल्या एक मावशी लेकीला म्हणाल्या, "उन्हात खेळू नको गं, काळी पडशील." मी म्हटलं, "मावशी, ऊन लागेल म्हणा. काळी पडशील म्हणू नका." मावशी दोन महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. लेकीसमोर बोलले याचा मला पश्चात्ताप नाही. वडीलधाऱ्यांना एकांतात सांगावं हे खरं, पण वाक्य मुलीसमोर पडलं होतं, ते उचलायलाही तिच्यासमोरच हवं होतं.

आतापर्यंतचं सगळं रंगाचं झालं. वंशाचं बोलणं पुढं आलं ते माझ्या थोरल्या मुलाबरोबर, तो अकराचा झाला तेव्हा. त्यानं सरळ विचारलं, "वंश असतो की नसतो? शाळेत म्हणतात सगळी माणसं एकच." मी म्हटलं, शरीरात कप्पे सापडत नाहीत. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं हिशेब मांडला, तर माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत निघाला. पण नोंदवह्यांत, कायद्यांत, शाळेच्या दारावर वंश असतो आणि त्यानं आयुष्यं ठरतात. दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या कायद्यानं प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली. कुणाबद्दल शंका आली तर केसांत पेन्सिल खोचत. खाली पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. एकाच घरातली माणसं दोन रकान्यांत गेली. मुलानं ताबडतोब पेन्सिल आणली, स्वतःच्या केसांत खोचली, मग बहिणीच्या. त्याची पडली, तिची अडकली. तिचे केस माझ्यासारखे कुरळे आहेत. दोघं आधी हसली, मग तो म्हणाला, "म्हणजे ही माझ्या शाळेत आली नसती?" मी म्हटलं, नसती. कायदा १९९१ साली गेला. "एवढ्यात?" तो म्हणाला. त्याला वाटत होतं, हे सगळं राजेमहाराजांच्या काळातलं.

म्हणून मी मुलांना हे भांडणासारखं किंवा गैरसमजासारखं सांगत नाही. "काही माणसं वाईट असतात" हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. नियम कुणी केला, कुणाच्या फायद्याचा होता, हे मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. खेळातल्या रडीच्या डावावर ती दिवसभर वाद घालत असतातच. मात्र धडा शिकवायला म्हणून घरात मुलांना मुद्दाम उच्च-नीच ठरवून खेळ खेळू नका. १९६८ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जेन इलियट या शिक्षिकेनं डोळ्यांच्या रंगावरून वर्गात तसं केलं होतं. त्यांचा हेतू मला कळतो, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर ते करणं मला आजही पटत नाही.

धाकटीला मी रुबी ब्रिजेसची गोष्ट सांगितली. १४ नोव्हेंबर १९६०, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. सहा वर्षांची कृष्णवर्णीय रुबी फेडरल मार्शलांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या, पहाऱ्यात, आधी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत गेली. बाहेर ओरडणारी गर्दी बघून तिला वाटलं, कसलासा उत्सव आहे. वर्षभर एकच शिक्षिका एका वर्गात तिला एकटीला शिकवत होती. पुढे एका मुलानं तिला सांगितलं की तुझ्याशी खेळायचं नाही, असं माझी आई म्हणालीये. रुबी सांगते की हे सगळं कशामुळे चाललंय ते तिला तेव्हा कुठे कळलं. माझ्या लेकीनं विचारलं, "त्या मुलाला रुबी आवडत होती?" मला हा प्रश्न सुचलाच नव्हता.

ज्यांच्या मुलांना हे सोसावं लागतं, त्यांना "कधी बोलावं" हा प्रश्न पडतच नाही, ही गोष्ट मी विचारणाऱ्यांना नेहमी सांगते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आईबाप पोरगा वयात येण्याआधीच त्याला शिकवतात की पोलिसांनी अडवलं तर हात दिसतील असे ठेव, खिशात घालू नकोस, उलट बोलू नकोस. "अजून लहान आहे" म्हणायची चैन आपल्यासारख्यांना परवडते.

गेल्या महिन्यात लेक, आता आठ वर्षांची, घरी येऊन म्हणाली, "आम्ही तिला नाही घेत खेळायला. तिला सगळे कोळसा म्हणतात." मी विचारलं, "तू?" तिनं चपलेचा पट्टा काढायला नको तेवढा वेळ लावला. रागावले असते तर ती पुढच्या वेळी सांगणार नाही, एवढं भान नशिबानं राहिलं. शेजारी बसले आणि म्हटलं, आमच्या वर्गातही एक होती. आम्हीही तिला असंच नाव ठेवलं होतं. मी ठेवलं नव्हतं, पण हसायचे. दहावीपर्यंत हसले.

"मग ती रडायची?"

"नाही. तीही हसायची."

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिचं खरं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि नाव येईना. ठेवलेलं नाव लगेच आलं, दोनदा आलं. आडनावही आठवत होतं, ती कुठल्या बाकावर बसायची तेही आठवत होतं. लेक माझ्याकडे बघत उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात.

"आठवलं की सांग," ती म्हणाली आणि पुन्हा खाली खेळायला गेली.