निवडुंगाचं बोंड

पहिल्यांदा भाव विचारला तेव्हा एका नगाला सव्वाशे सांगितले होते, म्हणून ड्रॅगन फ्रूट आमच्या घरी कधी आलं नाही. यंदा श्रावणात मात्र कोपऱ्यावरच्या गाडीवर त्याची चक्क रास दिसली. "शंभरला दोन. एक पांढरं न्या, एक लाल न्या. वरनं सारखीच दिसतात," गाडीवाला म्हणाला. शेजारच्या पेरूंपेक्षा त्यांची ऐट जास्त होती. पेरूसुद्धा एके काळी परदेशातूनच आला, पण त्याला आता कोण विचारतो!

घरी आल्यावर पहिला प्रश्न, हे कापायचं कसं? बायको म्हणाली, कलिंगडासारखं. मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं की साल केळ्यासारखी सोलून येते. आणि खरंच आली. आत पांढरा गर, त्यात काळे तीळ पेरलेले. प्रत्येकाने एकेक फोड तोंडात टाकली आणि सगळे एकमेकांकडे बघत बसलो. "पाण्यात भिजवलेला खडू," मुलीने निकाल दिला. मला ते साखर विसरलेल्या कलिंगडासारखं वाटलं. पन्नास रुपये गेले, हे कोणी बोललं नाही.

मग लाल कापलं. सुरीचं पातं, पाट, बायकोची बोटं, सगळं जांभळट गुलाबी झालं. हे जरा गोड होतं. आई इतका वेळ लांबूनच बघत होती. तिचा उपास असल्यामुळे 'हे फळ चालतं का' यावर आधी चर्चा झाली. फळ म्हणजे फळ, असं ठरलं. तिने फोड खाल्ली, बिया दाताखाली कुरकुरल्या, आणि ती थांबली.

"आरं, ह्ये तर निवडुंगाचं बोंड!"

आई जत तालुक्यातली. लहानपणी शेरडांमागे जाताना बांधावरच्या फड्या निवडुंगाची लाल बोंडं काठीनं पाडायची, दगडावर घासून त्यांची कुसं काढायची आणि तिथंच फोडून खायची. घासण्यात घाई केली की कुसं जिभेत शिरत. मग भावंडं एकमेकांच्या जिभेवरून ती नखानं उपटत बसत. "घरी कळायचंच. व्हट लाल दिसायचं." बोलता बोलता तिने दुसरी फोड उचलली, मग तिसरी.

मुलीने लगेच शोधलं. आजी बरोबर होती. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्याच कुळातलं. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, फ्रेंचांनी व्हिएतनामला नेलं, तिथून जगभर गेलं. गुजरात सरकारने 2021 मध्ये त्याचं 'कमलम' असं बारसंही केलं. आणि आईचा तो फड्या निवडुंग? तोही अमेरिकेतूनच आलेला. तिला हे सांगितलं तर तिला पटलं नाही. "आमच्या बांधावर व्हता तो."

रात्री तिने मामाला फोन लावला. त्यांच्या गावात ड्रॅगन फ्रूटची बाग आहे म्हणे. सिमेंटचे खांब, खांबावर गोल रिंगण, त्यावरून खाली लोंबणाऱ्या फांद्या. फुलं रात्री उमलतात आणि सकाळी मिटतात. पाणी कमी लागतं, पण ठिबक आहे.

"निवडुंगाला ठिबक?" आई फोनवरच ओरडली. "आन आम्ही कोयत्यानं तोडून बांधाभायेर फेकत व्हतो!"

खरी गंमत सकाळी झाली. मी न्हाणीघरातून पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आलो. डॉक्टरांचा नंबर शोधत होतो, एवढ्यात बायकोने हळूच विचारलं, "तुलाही गुलाबी?" बीट खाल्ल्यावर होतं तसंच हे, तोच रंग, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. आई चहा गाळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बोंडांनी बी व्हायचं तसं. घाबरू नगा." आणि थोड्या वेळानं, "मामाला सांग, येताना एक फांदी आण. गॅलरीत कुंडी रिकामीच हाय."