मूत्राशयाचं अस्तर बशीत वाढवताना: माझा अनुभव

मूत्राशयाचं आतलं अस्तर, म्हणजे युरोथेलियम, एरवी झोपलेलं असतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, पण युरोथेलियमच्या पेशी महिनोन्‌महिने विभागत नाहीत. जंतुसंसर्गाने किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधाने वरचा थर गळून पडला, की तेच अस्तर काही दिवसांत जागं होतं, जखम भरतं आणि परत झोपतं. कर्करोगात जाग येते, झोप येत नाही. म्हणून हे अस्तर प्रयोगशाळेतल्या बशीत उभं करण्याच्या माझ्या कामात नुसत्या पेशी वाढवण्याला मी फार महत्त्व देत नाही. वाढलेल्या पेशी थांबतात का, थर लावतात का, लघवी अडवण्याइतकं घट्ट अस्तर बनवतात का, यावर माझा डोळा असतो.

माणसाच्या निरोगी पेशींपासून असं अस्तर उभं करायची जी पद्धत मी वापरते, तिचा कणा इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात जेनिफर साउथगेट यांच्या गटाने बसवलेला आहे. हाताला लागेपर्यंत ती बरंच सतावते. कुठे का बिघडतं, तेवढं इथे लिहिते.

सुरुवात ऊतीपासून. निरोगी मूत्राशयाचा तुकडा सहसा मिळत नाही, मिळते ती मूत्रवाहिनी. प्रत्यारोपणात मूत्रपिंडासोबत आलेल्या मूत्रवाहिनीचं जास्तीचं टोक कापून टाकतात, किंवा मूत्रपिंडाच्या स्वतःच्या गाठीसाठी अख्खं मूत्रपिंड काढताना तीही निघते. गाठ युरोथेलियमचीच असेल तर मी तो तुकडा घेत नाही, कारण अशा रुग्णाचं साधं दिसणारं अस्तरसुद्धा आतून बदललेलं असू शकतं. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवावी: मूत्रवाहिनीचं अस्तर गर्भाच्या मध्यस्तरातून येतं, मूत्राशयाचं अंतःस्तरातून. दोन्ही ठिकाणच्या पेशी बशीत बऱ्याच अंशी सारख्या वागतात, पण निष्कर्ष लिहिताना ‘मूत्राशय’ हा शब्द जपून वापरायचा.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती झाली, तरी खरा खोळंबा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होतो. तिथल्या हाताला सवय फॉर्मेलिनची. फॉर्मेलिन ऊती टिकवतं पण पेशी मारतं, तुकडा एकदा त्यात पडला की संपलं. म्हणून आदल्या संध्याकाळीच निर्जंतुक डबी भरून, वर ठळक अक्षरांत ‘फॉर्मेलिन नको, फ्रीझर नको’ लिहून सिस्टरांच्या हातात द्यायची. डबीत कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं हॅन्क्सचं क्षारद्रावण, आम्लता स्थिर ठेवणारं 10 मिलीमोलर हेपेस आणि प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना रोखायला मिलीलिटरला 20 युनिट अ‍ॅप्रोटिनिन. बर्फाच्या पेटीतून आणायची, पण तुकडा गोठू द्यायचा नाही. शक्यतो त्याच दिवशी काम सुरू करावं.

पेशी सोडवण्याचं सगळं गणित कॅल्शियमवर आहे. एकमेकींना धरून ठेवायला पेशींना तो लागतो, म्हणून प्रवासात तो द्यायचा आणि सोडवताना काढून घ्यायचा. बाहेरची चरबी कात्रीने साफ करते, वाहिनी उभी चिरून साधारण सेंटिमीटरभराचे तुकडे करते. मग ते कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या हॅन्क्समध्ये, 0.1 टक्का इडीटीए (कॅल्शियम पकडून घेणारं रसायन), हेपेस आणि अ‍ॅप्रोटिनिनसह, 37 अंशांवर चार तास किंवा 4 अंशांवर रात्रभर. मला रात्रभर ठेवणं आवडतं, दुसऱ्या दिवशी सकाळी हात ताजे असतात.

आता दोन चिमटे. एकाने खालची जाड ऊती दाबून धरायची, दुसऱ्याची पाठ वरून हळूच सरकवायची. टोकाने खरवडायचं नाही, खरवडलं की खालच्या जोडऊतीतल्या फायब्रोब्लास्ट पेशीही सोबत येतात. नीट सुटलं तर अस्तर मोत्यासारख्या पांढुरक्या पापुद्र्यांत निघतं, निवलेल्या दुधावरची साय काठाने उचलावी तसं. पापुद्रा तुटक आणि चिकट आला तर इडीटीए आणखी अर्धा तास द्यायचं, जोर वाढवायचा नाही.

पापुद्रे 250 जी वेगाने पाच मिनिटं फिरवून खाली बसवते, मिलीलिटरला 100 युनिट कोलॅजिनेज या कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइममध्ये 37 अंशांवर वीस मिनिटं ठेवते, पुन्हा फिरवते, मोजते आणि चौरस सेंटिमीटरला किमान 40,000 या हिशेबाने पेरते. याहून विरळ पेरलं तर पेशी बसतात, पण एकट्या पडून चपट्या होतात आणि पुढे सरकत नाहीत. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, केराटिनोसाइट या त्वचेच्या पेशींसाठीचं आणि सीरमविरहित (रक्तद्रवाशिवायचं), कॅल्शियम 0.09 मिलीमोलर. त्यात मिलीलिटरला 50 मायक्रोग्रॅम गाईच्या पिट्युटरीचा अर्क, 5 नॅनोग्रॅम ईजीएफ (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) आणि 30 नॅनोग्रॅम कॉलरा टॉक्सिन. टॉक्सिनमुळे पेशी चिकटायला आणि टिकायला मदत होते. ते विष आहे, हे कुपी उघडताना दर वेळी आठवायचं. ऊती मूत्रमार्गातून आलेली असल्याने पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन सुरुवातीला घालते, पुढे काढून टाकते. कायम चालू ठेवलं तर बारीक संसर्ग झाकला जातो आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूवर पेनिसिलिन मुळातच चालत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते.

पेशी काढून नव्या बशीत टाकणं, म्हणजे पॅसेज, इथे बहुतेकांची पहिली चूक होते. इतर कल्चरमध्ये पेशी सोडवणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम थांबवायला सीरम ओततात, इथे मीडियमच सीरमविरहित. म्हणून आधी 0.1 टक्का इडीटीए पाच मिनिटं, पेशी गोल होताना दिसल्या की ट्रिप्सिन जेमतेम एक-दोन मिनिटं आणि लगेच ट्रिप्सिन इन्हिबिटर. ट्रिप्सिन जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या पेशी तरंगताना दिसतात, आणि दोष मीडियमला दिला जातो. बशी पूर्ण भरायच्या आत पॅसेज करायचा. प्रयोग पाचव्या पॅसेजच्या आतच आटपते. या पेशी अमर नाहीत, आणि त्या थकतात हेच त्यांच्या निरोगीपणाचं लक्षण आहे.

या टप्प्यावर सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदीसारखं सुरेख दृश्य दिसतं आणि फसायला होतं. केराटिन, म्हणजे पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं, तपासलं की कळतं, केराटिन 13 गेलंय, केराटिन 14 आलंय, केराटिन 20 आणि युरोप्लॅकिन या पक्व अस्तराच्या खुणांचा पत्ता नाही. हे अस्तर नव्हे, भरत असलेल्या जखमेची कड आहे. ईजीएफ आणि कमी कॅल्शियम मिळून या पेशींना सतत ‘पळा, भरा’ असा निरोप देत असतात. याच अवस्थेतल्या पेशींवर औषध टाकून ‘निरोगी पेशींवर परिणाम नाही’ असं लिहिलेलं वाचलं की मला अस्वस्थ वाटतं, कारण शरीरातली निरोगी पेशी अशी धावत नसते.

त्यांना थांबवायला आधी पाच दिवस 5 टक्के गाईचं सीरम देते, तेही प्रौढ गाईचं, वासराच्या गर्भाचं नव्हे. मग पेशी काढून 12 मिलीमीटर व्यासाच्या छिद्रयुक्त पडद्याच्या इन्सर्टवर, म्हणजे प्लेटच्या विहिरीत (खळग्यात) बसणाऱ्या छोट्या वाटीत, प्रत्येकी पाच लाख पेरते. वर अर्धा मिलीलिटर, खाली दीड मिलीलिटर, म्हणजे दोन्ही बाजूंची पातळी सारखी राहते आणि थराला खालून धक्का बसत नाही. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम 2 मिलीमोलरपर्यंत नेते. सीरमची प्रत्येक बॅच वेगळी निघते. नवी बॅच आली की जुनीशेजारी लावून बघितल्याशिवाय मोठा प्रयोग मांडायचा नाही. एका पुरवठादाराच्या बॅचने पेशी छान वाढल्या, थर मात्र एकदाही घट्ट झाला नाही.

घट्टपणा मोजायचा तो विद्युतरोधाने. इलेक्ट्रोडचे दोन पाय, लांब पाय बाहेरच्या विहिरीत तळाला टेकलेला, आखूड पाय आत द्रवात, पेशींना न शिवणारा. थोडा तिरका झाला तरी आकडा शंभर-दोनशेने हलतो, म्हणून प्रत्येक विहिरीत तीन जागी वाचते. प्लेट इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या वाचली तर आकडा कमी, गार झाल्यावर वाचली तर जास्त. यातून ‘औषधाने घट्टपणा वाढला’ असा खोटा शोध लागू शकतो. वीस मिनिटं हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) ठेवायची आणि रोज तेवढीच ठेवायची. मग रिकाम्या पडद्याचा रोध वजा करून क्षेत्रफळाने गुणायचं. वाचन 1250 ओहम, रिकामा पडदा 120, क्षेत्रफळ 1.12 चौरस सेंटिमीटर, तर उत्तर सुमारे 1265 ओहम चौरस सेंटिमीटर. 500 च्या वर गेलं की अस्तर ‘घट्ट’ म्हणायला हरकत नाही. माझ्या हातून साधारण आठवड्याभरात तिथवर पोचतं. न पोचल्यास आधी पॅसेज क्रमांक बघते, मग कॅल्शियम खरंच घातलं होतं का ते, मग पेरणी कडेला गोळा झाली का ते. पेरल्यावर प्लेट गोल फिरवण्याची सवय असेल तर ती मोडावी. पेशी एका जागी गोळा होतात. मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवावी.

आकड्यावर थांबायचं नाही. पडदा कापून उभा छेद घ्यायचा आणि ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने रंगवायचा. केराटिन 5 तळाला, युरोप्लॅकिन आणि केराटिन 20 फक्त सगळ्यात वरच्या, छत्रीसारख्या पसरलेल्या पेशींत दिसायला हवं. सगळ्याच थरांत फिकट रंग आला असेल तर तो अँटिबॉडीचा दोष समजून आधी ते निस्तरावं.

अस्तर एवढं तयार झालं की जखम करायची. 10 मायक्रोलिटरच्या टिपने ओरखडा काढते, पण इन्सर्टवर नाही, तिथे पडदाच फाटतो. ओरखडा प्लास्टिकच्या बशीतल्या थरावर काढते आणि इन्सर्टवर घट्टपणा मोजते. काही तासांत कडेच्या पेशी पसरून आत येतात. विभागणीची खूण, के-आय-67, कडेलाच उमटते, लांबच्या पेशी झोपलेल्याच राहतात. ईजीएफचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरचा रोधक घातला की भरणं मंदावतं. म्हणजे हा निरोप पेशी स्वतःच स्वतःला देतात. हेच बघायला एवढा खटाटोप.

शेजारी कर्करोगाच्या पेशी ठेवाव्यात. टी-24 ही मूत्राशयाच्या कर्करोगाची पेशीरेषा (प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशी) मी नेहमी लावते, हिच्यातच 1982 साली एच-रास या पेशीवाढीच्या जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला होता. कॅल्शियम द्या, सीरम द्या, रोध रिकाम्या पडद्याच्या आसपासच राहतो. मात्र बाटलीवर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ईजे नावाने जगभर फिरलेली पेशीरेषा टी-24 च निघाली आहे. आल्या दिवशी डीएनए ओळख तपासणी आणि मायकोप्लाझ्मा तपासणी, आणि दोन्हींचे निकाल येईपर्यंत वेगळा इन्क्युबेटर.

पावसाळ्यात आपल्याकडे बुरशीचा त्रास वेगळाच. इन्क्युबेटरमधल्या ट्रेचं पाणी दर आठवड्याला निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने बदलते, आणि पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूमच्या दाराबाहेरच रिकामी करायला लावते. ओलसर पुठ्ठा हे बुरशीचं घर आहे.

उरलेल्या पेशी दुसऱ्या पॅसेजलाच गोठवते, कुपीला दहा लाख, 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव) आणि 10 टक्के सीरमसह, मिनिटाला एक अंश या गतीने उणे 80 पर्यंत आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये. कुपीवर दात्याचा सांकेतिक क्रमांक, वय, पॅसेज आणि ऊती कुठली, हे पेन्सिलीने लिहिते. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते.