बोंडूचा चोथा आणि माझे ड्रम

एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात फेणी गाळायच्या प्रत्येक भाटीमागं बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, चोथ्याचे ढीग पडतात. रस फेणीला जातो, चोथा तिथंच कुजतो. 2020 मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग आल्याचं वाचलं, तो उरल्यासुरल्या अन्नातल्या डुकराच्या मांसातूनही पसरतो, तेव्हापासून मी डुकरांना हॉटेलचं उरलंसुरलं बंद केलं. नुसतं विकतचं खाद्य परवडेना. शेजारचे भाटीवाले काका म्हणाले, "ने रे बाबा, माझीही जागा मोकळी होईल."

चोथा हवाबंद ड्रममध्ये आंबवून डुकरांना घालायचं ठरवलं. पहिला ड्रम घाईत भरला, तोही शिळ्या ढिगातून. तीन आठवड्यांनी झाकण काढलं तर वर बोटभर हिरवी-काळी बुरशी, तळाला पाणी आणि सडका वास. बुरशीचं विष जनावराच्या पोटात घालायचं नाही, म्हणून सगळा ड्रम खड्ड्यात पुरला. फार वाईट वाटलं.

चूक पाण्याची होती. पुढच्या वेळी त्याच दिवशीचा चोथा आणला, अर्धा दिवस ताडपत्रीवर वाळवला. मूठ आवळायची: बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून ओला, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. शंभर किलोला बारा किलो तांदळाचा कोंडा आणि दोन किलो गूळ मिसळला. थराथराने तुडवून भरला. आत हवा राहिली की बुरशी आलीच. एकवीस दिवसांनी उघडला तेव्हा आंबिलीसारखा स्वच्छ आंबट वास आला. मी तिथंच बसून राहिलो, इतका आनंद झाला.

डुकरांनी मात्र पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. बोंडू तुरट, शिवाय धागा जास्त. मग मक्याच्या भरड्यात मूठमूठ मिसळून आठ दिवसांत सवय लावली. खाद्याच्या दहा टक्क्यांवर थांबलो, कारण पुढं गेलो की शेणात न पचलेले धागे दिसायचे. सोयाबीन पेंड कमी केली नाही. चोथ्यात प्रथिनं तेवढी नसतात. दूध तुटलेल्या पिल्लांना तर हा देतच नाही. उघडलेला ड्रम चार-पाच दिवसांत संपवतो.

वजनासाठी टेप वापरतो: छातीचा घेर मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले लांबी (तीही मीटरमध्ये), गुणिले 69.3. कानावर ठिपका असलेली मादी सुरुवातीला साडेपंचवीस किलो होती. महिन्याने घेर 79 सेंटिमीटर, लांबी 85, म्हणजे जवळजवळ 37 किलो. तीच टेप घेऊन मी काकांकडे गेलो आणि पुढच्या हंगामाचा चोथा आताच सांगून ठेवला.